निवडक नऊ ओळी : सगळं न तपासता तपासण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नातूनच आजचा विषय निघाला आहे. प्रश्न साधा होता. "आमच्या प्रोग्रामची एक टेस्ट आहे. ती 3 डेटाबेसवर, 4 भाषांत, 5 प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी चालते. म्हणजे एका टेस्टच्या 60 होतात. अशा दोनशे टेस्ट आहेत. मला आत्ता फक्त एकाच डेटाबेसवर चालवून बघायचं असेल तर काय करू?" त्यांना एका ओळीची आज्ञा हवी होती आणि ती आम्ही तिथेच सांगितली. पण घरी गेल्यावर आमच्या डोक्यात दुसराच प्रश्न घोळत राहिला. 60 पैकी 20 चालवल्या, 40 सोडल्या. त्या सोडलेल्या 40 बद्दल आपल्याला नेमकं काय माहीत आहे? हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे आणि त्याचं बरंचसं उत्तर एका इंग्लिश शेतात आणि कलकत्त्यात तयार झालं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आधी एका शब्दाविषयी. सॉफ्टवेअरवाले 'फिक्श्चर' म्हणतात तो शब्द त्यांचा नव्हे. भोसरीच्या किंवा सातपूरच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा, 'जिग-फिक्श्चर' हा शब्द तिथे रोजचा आहे. जॉब मशीनवर हलू नये, प्रत्येक नग त्याच जागी त्याच कोनात बसावा, म्हणून पकडून ठेवणारी चौकट म्हणजे फिक्श्चर. टेस्टमध्येही तेच. तपासणी सुरू होण्यापूर्वी डेटाबेस उघडून ठेवायचा, त्यात चार नोंदी भरायच्या, आणि तपासणी संपली की आवरायचं. ही जी पूर्वतयारी, तिला फिक्श्चर म्हणतात. आता चौकट तीच ठेवून तिच्यात कधी पितळ, कधी बीड, कधी ॲल्युमिनियम बसवलं तर? हे झालं पॅरामीटर दिलेलं फिक्श्चर. टेस्ट एकदाच लिहायची, ती प्रत्येक किमतीसाठी आपोआप एकदा चालते.

अडचण गुणाकाराची आहे. एक घटक वाढला की संख्या पटीने वाढते. आता शेताकडे वळू.

लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथल्या ब्रॉडबाल्क शेतात 1843 पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. 1919 साली तिथे रोनाल्ड फिशर नावाचा तरुण संख्याशास्त्रज्ञ आला. त्या काळचा रिवाज असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी नत्र बदलून बघा, मग स्फुरद, मग पालाश. फिशरने 1926 मध्ये याच्या बरोब्बर उलट मांडलं. निसर्गाला एकेक सुटा प्रश्न विचारू नका, सगळे घटक एकदम बदला, कारण नत्राचा परिणाम स्फुरद आहे की नाही यावर अवलंबून असू शकतो, आणि एकेक घटक बदलणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तीन खतं, प्रत्येक 'घातलं' किंवा 'नाही घातलं', म्हणजे 8 वाफे. यालाच पुढे घटकीय प्रयोग म्हणू लागले. फिशरचे सहकारी फ्रँक येट्स यांनी 1937 मध्ये त्यावर आख्खी पुस्तिका लिहिली.

पण घटक सात झाले की 128 वाफे लागतात. शेत संपतं! मग 1945 मध्ये डेव्हिड फिनी यांनी दाखवलं, की सगळे वाफे न घेता ठरावीक अर्धे किंवा पाव घेतले तरी चालतं. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. काही परिणाम एकमेकांत मिसळतात. वाढ एका खतामुळे झाली की दुसऱ्या दोघांच्या जोडीमुळे, हे मग सांगता येत नाही. फिनींचं मोठेपण असं, की कोणते परिणाम कशात मिसळतील हे प्रयोग करण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवता येतं. काय सोडलं आणि ते सोडल्यामुळे काय कळणार नाही, याचा आगाऊ हिशोब. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

दुसऱ्याच वर्षी, 1946 मध्ये, प्लॅकेट आणि बर्मन यांनी ब्रिटनमध्ये फार कमी प्रयोगांत पुष्कळ घटक बसवण्याच्या रचना प्रसिद्ध केल्या. आणि 1947 मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले सी. आर. राव यांनी या सगळ्याला एक नेमकं गणिती रूप दिलं. त्याचं इंग्रजी नाव 'ऑर्थोगोनल अ‍ॅरे'. आपण 'लंब सारणी' म्हणू या. शब्द फारसा सुंदर नाही, पण चालवून घ्या. कल्पना अशी, की सारणीतले कुठलेही दोन रकाने घ्या, त्या दोघांच्या किमतींची प्रत्येक जोडी सारख्याच वेळा यायला हवी.

हे तोंडी समजत नाही, म्हणून तीन-तीनचा चौकोन लिहूनच दाखवतो. आडव्या ओळी तीन, उभे रकाने तीन, आणि प्रत्येक घरात एक अक्षर व एक अंक.

अ1  ब3  क2
ब2  क1  अ3
क3  अ2  ब1

प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात अ, ब, क एकेकदाच आले आहेत. अंकांचंही तसंच. शिवाय अक्षर आणि अंक यांच्या नऊही जोड्या एकेकदाच आल्या आहेत, खात्री करून घ्या. आता ओळ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम : विंडोज, लिनक्स, मॅक. रकाना म्हणजे डेटाबेस : सीक्वलाइट, पोस्टग्रेस, मायसीक्वल. अक्षर म्हणजे ब्राउझर : क्रोम, फायरफॉक्स, सफारी. अंक म्हणजे भाषा : मराठी, इंग्रजी, अरबी. सगळ्या मिळून शक्यता 81. या चौकोनात घरं 9. आणि या 9 घरांत कुठल्याही दोन घटकांची कुठलीही जोडी एकदा येऊन जाते. 81 पैकी 9!

ज्या चौकोनावर हे उभं आहे त्याचं मूळ ऑयलरकडे जातं. सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे 36 अधिकारी चौकोनात असे उभे करा, की कुठल्याही ओळीत वा रकान्यात पलटण किंवा हुद्दा दोनदा येऊ नये. 1782 च्या लेखात ऑयलरने म्हटलं, की हे जमत नाही. आणि पुढे अंदाजही केला, की 6, 10, 14, 18 अशा कुठल्याच आकारासाठी जमणार नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता; गॅस्तों तारी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सिद्ध केलं. बाकीच्या बाबतीत जवळजवळ पावणेदोनशे वर्षं कोणी त्याला खोटं ठरवू शकलं नाही. 1959 मध्ये ते तिघांनी केलं : राज चंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर. बोस आणि श्रीखंडे यांनी 22 चा चौकोन करून दाखवला, पार्कर यांनी 10 चा, आणि मग तिघांनी मिळून सहाच्या पुढचा ऑयलरचा सगळा अंदाज निकालात काढला. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे 1917 मध्ये सागरला जन्मले, नागपूरला शिकले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले, आणि 2020 मध्ये वयाच्या 102 व्या वर्षी वारले. आमच्या पिढीतल्या कितीतरी प्रोग्रामरांना हे नाव माहीत नाही. आम्हालाही उशिराच कळलं, हे कबूल करतो.

या रचना शेतातून कारखान्यात गेल्या. जपानचे गेनिची तागुची 1954-55 मध्ये कलकत्त्याच्या त्याच संस्थेत पाहुणे प्राध्यापक होते. पुढे लंब सारण्या वापरून उत्पादनाचा दर्जा सुधारण्याची त्यांची पद्धत जगभर गेली.

सॉफ्टवेअरमध्ये हा धागा पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो 1985 मध्ये. रॉबर्ट मँडल यांनी अ‍ॅडा भाषेच्या कंपायलरच्या चाचण्यांसाठी ऑयलरचेच चौकोन वापरले आणि त्यावर लेख लिहिला. सगळे संयोग तपासणं अशक्य, मनाला येतील ते उचलणं बेभरवशाचं, तर मग चौकोनाने निवडू, असा त्यांचा रोख. अमेरिकेतल्या एटी अँड टी बेल लॅब्जमध्ये माधव फडके तागुचींची पद्धत पुढे नेत होते. 1989 मध्ये त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक आलं, आणि 1992 मध्ये ब्राउनली व प्राउज यांच्याबरोबर त्यांनी कंपनीच्या एका ईमेल प्रणालीची तपासणी लंब सारणीने कशी केली ते प्रसिद्ध केलं.

पण शेत आणि सॉफ्टवेअर यांत एक फरक आहे. शेतात कुठलंही खत कुठल्याही बियाण्याबरोबर घालता येतं. आता आपला चौकोन पुन्हा बघा. पहिल्या ओळीतलं तिसरं घर 'क2', म्हणजे विंडोज, मायसीक्वल, सफारी, इंग्रजी. विंडोजवर आजची सफारी चालतच नाही. मग काय, हे घर खोडायचं? खोडलं की विंडोज आणि मायसीक्वल ही जोडीही गेली, कारण ती नऊ घरांत एकदाच होती. मायसीक्वलबरोबर इंग्रजी गेलं. सफारीबरोबर मायसीक्वल गेलं. एक अशक्य गोष्ट काढताना पाच शक्य गोष्टी हातातून निसटल्या आणि निकालपत्रात त्याची खूणसुद्धा राहत नाही.

म्हणून पुढच्या लोकांनी 'सारख्याच वेळा' हा आग्रह सोडला. प्रत्येक शक्य जोडी निदान एकदा आली की पुरे. 1997 मध्ये बेलकोरच्या कोहेन, दलाल, फ्रेडमन आणि पॅटन यांनी एईटीजी नावाची पद्धत मांडली. अशक्य संयोग आधीच सांगायचे, मग ती हावरटपणाने एकेक ओळ अशी निवडते, की अजून न आलेल्या जास्तीत जास्त जोड्या तिच्यात याव्यात. तीन-तीन किमतींचे 13 घटक घेतले तर सगळे संयोग 15,94,323. एईटीजीला सगळ्या जोड्यांसाठी लागल्या 15 चाचण्या. पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा आम्हाला छापखान्याची चूक वाटली होती.

आता थोडं थांबू, कारण इथवर ऐकून असं वाटेल की निवडक किमतींवर चालवणं ही नुसती फायद्याचीच गोष्ट आहे.

4 जून 1996. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन 5 रॉकेटचं पहिलं उड्डाण. प्रज्वलनानंतर साधारण 37 सेकंदांनी रॉकेट वाकडं झालं आणि फुटलं. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्याच्याबरोबर गेले. चौकशी समितीचे अध्यक्ष होते गणितज्ञ जाक-लुई लियों. 19 जुलैला अहवाल आला. दिशा सांगणारी संगणकीय यंत्रणा एरियन 4 वरून जशीच्या तशी उचलली होती, प्रोग्राम अ‍ॅडात लिहिलेला. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक 64 बिटांची संख्या 16 बिटांत कोंबली जायची. एरियन 4 वर तो वेग कमीच असायचा, त्यामुळे ती बसायची. एरियन 5 चा मार्ग वेगळा, आडवा वेग लवकर वाढणारा. संख्या मावेना, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा? तीही तीच, तोच प्रोग्राम. ती तर आधीच त्याच कारणाने बंद पडली होती. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे, ज्या कामासाठी हा हिशोब चालला होता त्याची एरियन 5 ला उड्डाणानंतर गरजच नव्हती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अहवालातला महत्त्वाचा भाग असा : या यंत्रणेची एरियन 5 च्या मार्गाच्या आकड्यांवर चाचणीच झाली नव्हती. आणि संपूर्ण रॉकेटच्या एकत्रित तपासणीत खऱ्या यंत्रणेऐवजी तिची नक्कल करणारा प्रोग्राम बसवला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर 'मार्ग' या घटकाच्या दोन किमती होत्या, जुना आणि नवा, आणि टेस्ट फक्त जुन्यावर चालली. धोक्यात असलेली चलं सात होती. प्रोसेसरवरचा भार 80 टक्क्यांपर्यंत ठेवायचा म्हणून त्यांपैकी चारांना संरक्षण दिलं, तीन तशीच सोडली. त्या सोडण्यामागे विचार होता, तो एरियन 4 साठी बरोबरही होता. पण प्रोग्राम नव्या रॉकेटवर गेला तेव्हा त्या विचाराची नोंद कोणाच्या समोर आली नाही. फिनींनी कागदावर लिहिलेला तो हिशोब इथे नव्हता.

मग दोन-दोनच्या जोड्या तपासून खरंच पुरतं का? अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतले रिचर्ड कुन, तसंच डोलोरेस वॉलेस आणि अल्बर्ट गॅलो यांनी 2004 मध्ये खऱ्या दोषांच्या नोंदी मोजल्या. परत मागवलेली वैद्यकीय उपकरणं : 97 टक्के दोष एका किंवा दोन घटकांतच दिसले. नासाचा एक डेटाबेस : 93 टक्के. मोझिला ब्राउझर : 76. अपाची सर्व्हर : 70. म्हणजे उपकरणांना जोड्या जवळजवळ पुरल्या, पण सर्व्हरमध्ये दर दहापैकी तीन दोष त्यांनी निसटले असते. तपासलेल्या सगळ्या नोंदींत सहापेक्षा जास्त घटकांची जमवाजमव लागणारा दोष मात्र सापडला नाही. आम्हाला हे काम फार आवडतं. किती सोडलं तर किती निसटेल याचा अंदाज त्यांनी मतांवरून नव्हे, पडझडीच्या नोंदींवरून बांधला.

आता आजच्या साधनांकडे, जरा भरभर. केंट बेक यांचं स्मॉलटॉक भाषेतलं चाचणी-चौकट हे काम 1990 च्या दशकातलं. 1997 मध्ये एरिक गामा यांच्यासह त्यातून जेयुनिट आलं, झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बसून लिहिलेलं. पॅरामीटर देण्याची सोय त्यात 2006 च्या चौथ्या आवृत्तीत झाली, पण चाचण्यांची नावं शून्य, एक, दोन अशी नुसत्या क्रमांकांची. ज्याला नाव नाही त्याला निवडणार कसं? नावं देण्याची सोय 2012 मध्ये आली. पायथनमध्ये होल्गर क्रेकेल यांचं पायटेस्ट. तिथे 2011 मध्ये पॅरामीटर देण्याची खूण आली आणि 2012 मध्ये आज वापरतो ते फिक्श्चर. पायटेस्टमध्ये प्रत्येक चाचणीच्या नावामागे चौकटी कंसात किमती येतात, आणि 'के' हा पर्याय देऊन त्या नावातला तुकडा सांगितला की तेवढ्याच चालतात. आमच्या श्रोत्याला सांगितलं ते हेच : 'के' आणि पुढे सीक्वलाइट.

इथे तीन खाचखळगे आहेत. पहिला, 'के' नावातला तुकडा शोधतो, किंमत नव्हे. 'इंट' शोधाल तर 'प्रिंट' आणि 'पॉइंट' असलेल्या टेस्टही येतील. दुसरा, पायटेस्ट स्वतःहून जोड्या निवडत नाही. दोन घटक दिले की तो सरळ गुणाकार करतो. जोड्या हव्या असतील तर ऑलपेअर्सपाय सारख्या साधनाने ओळी काढून त्याच्या हातात द्याव्या लागतात. तिसरा खड्डा सगळ्यात खोल. 'के' ने काहीच सापडलं नाही तर पायटेस्ट 5 हा संकेत देऊन थांबतो आणि यंत्र लाल होतं. पण पुष्कळ जण स्वतःचा पर्याय बनवतात, 'डेटाबेस अमुक' असा, आणि फिक्श्चरच्या किमती त्यावरून गाळून घेतात. तिथे नाव लिहिण्यात एक अक्षर चुकलं तर किमतींची यादी रिकामी होते. रिकाम्या यादीची टेस्ट पायटेस्ट मुळातच 'वगळली' म्हणून दाखवतो. सगळं हिरवं! सेटिंगमध्ये एक ओळ बदलली तर रिकामी यादी दिसताच तो थांबतो. आम्ही आता प्रत्येक नव्या कामात ती ओळ पहिल्या दिवशी घालतो, कारण आम्ही भाजलो आहोत.

ते भाजणं सांगून टाकतो. एका संस्थेचं नावनोंदणीचं काम होतं. दोन डेटाबेस, सीक्वलाइट आणि पोस्टग्रेस. पोस्टग्रेस उघडायला वेळ लागतो म्हणून एका घाईच्या आठवड्यात आम्ही रोजच्या यंत्रावरही 'के सीक्वलाइट' लावलं. आठवडा गेला, पर्याय तिथेच राहिला. नावाच्या रकान्याला 20 अक्षरांची मर्यादा होती. सीक्वलाइट अशी मर्यादा पाळतच नाही, कितीही लांब मजकूर मुकाट्याने घेतो. पोस्टग्रेस पाळतो, आणि तो युनिकोडची चिन्हं मोजतो. 'श्रीकृष्ण' आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, त्याच्या लेखी ते नऊ. पहिल्याच सकाळी लांब नावाच्या लोकांची नोंदणी होईना. रांगेतल्या एका आजोबांनी आमच्यासमोर विचारलं, "माझं नाव जास्त आहे का?" मर्यादेची टेस्ट लिहिलेली होती. आमच्याकडे मराठी नावंही होती. फक्त मराठी नाव आणि पोस्टग्रेस ही जोडी दीड महिना एकदाही चालली नव्हती.

त्या दीड महिन्यातल्या प्रत्येक निकालाच्या शेवटच्या ओळीत पायटेस्टने 'इतक्या सोडल्या' असा आकडा छापलेला होता. आम्ही जुन्या नोंदी काढून पाहिल्या. रोज तोच आकडा, आमच्यापैकी कोणीच न वाचलेला. आता तो आकडा कालच्यापेक्षा वाढला, तर आमच्या यंत्रावर निकाल हिरवा होत नाही. कोणीतरी येऊन कारण लिहावं लागतं, कोणती किंमत सोडली आणि कधीपर्यंत. फाइल साधीच आहे, पंधरा-वीस ओळींची. प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना ती हवी असेल तर व्याख्यानानंतर भेटा.